जेम्स रेडहाउस

सर जेम्स विल्यम रेडहाउस (जन्म : ३० डिसेंबर १८११, लंडनजवळ; मृत्यू : जानेवारी १८९२, लंडन) हे एकोणिसाव्या शतकातील ख्यातनाम इंग्रज कोशकार, व्याकरणकार, अनुवादक व राजनैतिक दुभाषी होते. ऑटोमन तुर्की भाषेचे इंग्रजीतून अर्थ देणारा त्यांचा १८९० सालचा बृहत्कोश आजही त्या भाषेच्या अभ्यासकांचा आधारग्रंथ मानला जातो. तुर्की भाषेतील वाक्प्रचार, संयुक्त क्रियापदे आणि लाक्षणिक प्रयोग इंग्रजी वाचकाला नेमके कसे समजावून द्यावेत, या एका प्रश्नाभोवती त्यांचे साठ वर्षांहून अधिक काळाचे कार्य फिरत राहिले. तुर्कस्तानात त्यांचे आडनाव आज शब्दकोशाचेच दुसरे नाव झाले आहे.

बालपण व शिक्षण

रेडहाउस यांचे शिक्षण लंडनमधील क्राइस्ट्स हॉस्पिटल या जुन्या धर्मादाय शाळेत १८१९ ते १८२६ या काळात झाले. नावात हॉस्पिटल असले, तरी ही संस्था रुग्णालय नसून बेताच्या परिस्थितीतील मुलांसाठी सोळाव्या शतकात स्थापन झालेली शाळा होय. पुढे पौर्वात्य भाषांचे पंडित म्हणून नावाजलेल्या रेडहाउस यांना विद्यापीठीय शिक्षण मिळाले नाही. त्यांच्या समकालीन युरोपीय विद्वानांपैकी अनेकांनी तुर्की भाषा ग्रंथालयात बसून शिकली. रेडहाउस यांनी ती कचेऱ्यांत, गलबतांवर आणि बाजारपेठांत वावरत आत्मसात केली. त्यांच्या कोशांचे वेगळेपण समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

इस्तंबूलमधील पहिला काळ (१८२६–१८३४)

शाळा सुटल्यावर १८२६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, रेडहाउस भूमध्य समुद्राच्या प्रवासाला निघाले आणि इस्तंबूलला पोहोचले. तेथे ऑटोमन सरकारच्या सेवेत त्यांना आराखडे काढण्याचे काम मिळाले आणि नोकरी करता करता ते तुर्की शिकू लागले.

हे वर्ष ऑटोमन साम्राज्याच्या इतिहासात महत्त्वाचे होते. याच वर्षी सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी ही शतकानुशतकांची फौज मोडून काढली आणि नव्या धर्तीचे सैन्य उभारण्यास आरंभ केला. त्याआधी १८२१ मध्ये ग्रीकांचा उठाव झाला होता. तोवर परराष्ट्र व्यवहारातील दुभाषांचे पद इस्तंबूलमधील ग्रीक घराण्यांकडे असे. उठावानंतर त्यांच्यावरचा विश्वास उडाला आणि सरकारला स्वतःचे भाषांतर कार्यालय उघडावे लागले. युरोपीय भाषा जाणणारा तुर्क अथवा तुर्की जाणणारा युरोपीय या दोघांचीही त्या काळी वानवा होती. भाषांतर हा या दरबारात राज्य चालवण्याच्या गरजेचा विषय झाला होता आणि तरुण रेडहाउस नेमके त्याच वेळी तेथे पोहोचले.

१८३० मध्ये त्यांनी रशियाचा प्रवास केला. याच सुमारास तुर्की शब्दांचा कोश रचण्याचे काम त्यांनी हाती घेतले. तुर्की, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांचा कोश करण्याचा त्यांचा संकल्प होता. संकलित साहित्य घेऊन १८३४ मध्ये ते प्रकाशनाच्या हेतूने लंडनला परतले. परंतु त्याच सुमारास फ्रेंच विद्वान बियांकी यांचा तुर्की-फ्रेंच कोश पुढे आला आणि रेडहाउस यांच्या ग्रंथाचे प्रयोजनच नाहीसे झाले. काही वर्षांचे श्रम अप्रकाशित राहिले. हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा आघात होता. तथापि या अपयशामुळे त्यांचा पुढचा मार्गही निश्चित झाला. फ्रेंच भाषेच्या मध्यस्थीशिवाय तुर्कीचा थेट इंग्रजीशी संबंध जोडणे हे काम अजून कोणी समाधानकारकपणे केलेले नव्हते. ते रेडहाउस यांनी आयुष्यभर केले.

दुभाषी व राजनैतिक सेवा (१८३८–१८५३)

१८३८ मध्ये रेडहाउस इस्तंबूलला परतले आणि वजीर-ए-आझम व परराष्ट्रमंत्री यांच्या कार्यालयात भाषांतरकार म्हणून काम पाहू लागले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८३९ मध्ये, गुलहाने येथील प्रसिद्ध जाहीरनाम्याने ‘तान्झिमात’ या नावाने ओळखले जाणारे सुधारणापर्व सुरू झाले. नवे कायदे, नवी खाती व नवे करार यांबरोबर नवी परिभाषा घडू लागली. युरोपीय राज्यशास्त्रातील कल्पनांना तुर्कीत शब्द शोधण्याचे आणि तुर्की दरबारी भाषेतील वळणे युरोपीयांना उलगडून सांगण्याचे काम भाषांतरकारांवर येऊन पडले.

१८४० मध्ये त्यांची बदली आरमार खात्यात झाली. त्या वर्षी इजिप्तचा मुहम्मद अली याच्या फौजांना सीरियातून हटवण्यासाठी ब्रिटिश, ऑस्ट्रियन व तुर्की आरमारांनी संयुक्त मोहीम उघडली. सीरियाच्या किनाऱ्यावर या मोहिमेत परस्परांशी संपर्क राखण्याच्या कामी रेडहाउस यांचा उपयोग झाला. तीन देशांचे अधिकारी एकाच वेढ्यात लढत असताना आज्ञेतील एका क्रियापदाचा अर्थ चुकला, तर त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. या सेवेबद्दल सुलतानाने १८४१ मध्ये त्यांना ‘निशान-ए-इफ्तिखार’ हा बहुमान दिला.

१८४३ ते १८४७ या काळात ते एर्झुरूम येथे होते. ऑटोमन साम्राज्य व इराण यांच्यातील सीमावाद मिटवण्यासाठी तेथे ब्रिटन आणि रशिया यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी चालू होत्या. ब्रिटिश आयुक्त विल्यम फेनविक विल्यम्स यांचे सचिव व दुभाषी म्हणून रेडहाउस यांनी काम केले. एका बाजूचे कागद ऑटोमन तुर्कीत, दुसऱ्या बाजूचे फारसीत आणि मध्यस्थांचे युरोपीय भाषांत, अशी तेथील स्थिती होती. दोन्ही दरबारांत अरबी-फारसी शब्दांचा साठा बराचसा समान होता. पण तोच शब्द दोन्हीकडे त्याच अर्थाने वापरला जाईल याची खात्री नव्हती. सुमारे चार वर्षांच्या चर्चेनंतर मे १८४७ मध्ये एर्झुरूमचा तह झाला. प्रत्यक्ष सीमेची आखणी मात्र पुढे अनेक दशके रेंगाळली आणि १९१४ मध्येच ती पुष्कळ अंशी पुरी झाली.

एर्झुरूमच्या वास्तव्यात असतानाच, १८४६ मध्ये, त्यांचा ऑटोमन भाषेचे फ्रेंच व्याकरण हा ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. १८५१ मध्ये इस्तंबूल येथे ‘एन्जुमेन-ए-दानिश’ ही विद्वत्सभा स्थापन झाली. तिच्या परदेशीय सभासदांत बियांकी आणि ऑस्ट्रियन इतिहासकार हामर-पुर्गश्टाल यांच्याबरोबर रेडहाउस यांचाही समावेश होता. ज्यांच्या कोशामुळे सतरा वर्षांपूर्वी आपला ग्रंथ मागे घ्यावा लागला, त्यांच्याच पंक्तीला बसण्याचा मान त्यांना याप्रमाणे मिळाला.

लंडनमधील काळ (१८५३–१८९२)

१८५३ मध्ये रेडहाउस लंडनला परतले. लवकरच क्रिमियाचे युद्ध पेटले आणि ब्रिटन व तुर्कस्तान एका बाजूने लढू लागले. तुर्कीचा गंधही नसलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी रेडहाउस यांनी १८५५ मध्ये खिशात मावेल असे बोलभाषेचे मार्गदर्शक पुस्तक तयार केले. त्यात संक्षिप्त व्याकरण, दोन्ही बाजूंनी शब्दसूची आणि काही नित्याचे संवाद होते. अरबी लिपी शिकण्यास सैनिकांना सवड नसल्याने सर्व मजकूर रोमन अक्षरांत छापला होता. त्यापूर्वी १८५४ मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यात पौर्वात्य भाषांचे भाषांतरकार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती.

१८५७ मध्ये ब्रिटन व इराण यांच्यातील तहाच्या कामी ते पॅरिसला गेले. या तहाचा मुंबई इलाख्याशी जवळचा संबंध आहे. १८५६–५७ चे इराण युद्ध मुख्यतः मुंबईहून समुद्रमार्गे पाठवलेल्या फौजेने लढले आणि तिचे सेनापतिपद पुढे जेम्स औट्रॅम यांच्याकडे होते. ४ मार्च १८५७ रोजी पॅरिस येथे तह झाल्यावर ही फौज परत फिरली आणि त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उसळलेल्या उठावाविरुद्ध वापरली गेली.

१८६१ ते १८६४ या काळात रेडहाउस हे रॉयल एशियाटिक सोसायटीचे चिटणीस होते. केंब्रिज विद्यापीठाने १८८४ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि १८८८ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘सर’ हा किताब दिला. त्यांचा पहिला विवाह १८३६ मध्ये झाला होता. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८८८ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. जानेवारी १८९२ मध्ये लंडनच्या किलबर्न भागात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ऑटोमन तुर्की भाषेची अवघडता

रेडहाउस यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्यापुढील भाषेचे स्वरूप समजणे आवश्यक आहे. ऑटोमन तुर्की ही तीन भाषांच्या मिश्रणातून घडलेली राजभाषा होती. वाक्याची चौकट व क्रियापदे तुर्की, विद्या व धर्म यांचे शब्द अरबी, काव्य व दरबार यांचे शब्द फारसी, अशी तिची ठेवण होती. एखाद्या सरकारी पत्रात शेवटचे क्रियापद आणि काही प्रत्यय वगळता तुर्की शब्द शोधावे लागत. खेड्यातील शेतकऱ्याला ती भाषा सहजी समजत नसे.

दुसरी अडचण लिपीची होती. तुर्कीत आठ स्वर आहेत. अरबी लिपीत ते सर्व वेगळे दाखवण्याची सोय नाही. त्यामुळे ‘झाला’ या अर्थाचे ‘ओल्दु’ आणि ‘मेला’ या अर्थाचे ‘अ‍ॅओल्दु’सारख्या गोल ओठांच्या पुढच्या स्वराने उच्चारायचे क्रियापद, ही दोन्ही एकाच तऱ्हेने लिहिली जात. अमुक गृहस्थ पाशा झाले की अमुक पाशा निवर्तले, हे केवळ संदर्भाने ठरे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी मोडी वाचताना, किंवा ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आठवताना, मराठी वाचकाला या अडचणीची कल्पना येऊ शकेल. रेडहाउस यांनी आपल्या कोशांत शब्दांचे उच्चार रोमन अक्षरांत व विशिष्ट खुणांसह देण्याची पद्धत बसवली. उच्चार निश्चित झाल्याखेरीज अर्थ निश्चित होत नाही, हे यामागचे कारण होते.

वाक्प्रचारांचे भाषांतर

तिसरी आणि सर्वांत कठीण अडचण वाक्प्रचारांची होती. तुर्की ही क्रियापद शेवटी येणारी आणि प्रत्ययांची साखळी जोडणारी भाषा आहे. शरीराचे अवयव आणि खाणे, पडणे, देणे, ओढणे यांसारखी साधी क्रियापदे एकत्र करून ती असंख्य लाक्षणिक अर्थ व्यक्त करते. यांतील प्रत्येक शब्द कोशात सापडला, तरी त्यांच्या जुळणीचा अर्थ सापडत नाही.

उदाहरणार्थ, तुर्कीत मार ‘खाल्ला’ जातो, लाच ‘खाल्ली’ जाते आणि पैसाही ‘खाल्ला’ जातो. मराठी वाचकाला या प्रयोगांत नवल वाटणार नाही, कारण मराठीतही मार, लाच, पैसे व शिव्या खाण्याचीच रीत आहे. इंग्रजीत मात्र मार ‘मिळतो’ आणि लाच ‘घेतली’ जाते. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर इंग्रजी वाचकाला हास्यास्पद वाटेल. त्याचप्रमाणे ‘सोझ वेर्मेक’ म्हणजे शब्द देणे आणि ‘कुलाक वेर्मेक’ म्हणजे कान देणे. ‘गोझदेन द्युश्मेक’ म्हणजे शब्दशः डोळ्यातून पडणे. त्याचा अर्थ नजरेतून उतरणे, मर्जी गमावणे. दरबारात मर्जीवर माणसाचे पद आणि कधीकधी प्राणही अवलंबून असत. त्यामुळे हा वाक्प्रचार राजनैतिक पत्रात आला, तर त्याचे गांभीर्य दुभाष्याला नेमके पोहोचवावे लागे. ‘दाम्लाया दाम्लाया ग्योल ओलुर’ ही म्हण तर मराठीतील ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हिची सख्खी बहीण शोभेल अशी आहे.

काही प्रयोग मात्र कोणत्याच भाषेत सरळ उतरत नाहीत. चोरून न ऐकता सहज कानी पडलेले बोलणे ऐकणाऱ्याला तुर्क ‘कानाचा पाहुणा’ म्हणतात. मर्जीतून उतरून दुसऱ्याला जागा करून द्यावी लागलेल्या माणसाचा ‘जोडा छपरावर फेकला’ जातो. अत्यानंद झालेल्याच्या ‘कपड्यांच्या घोळात घंटा वाजू लागतात’. आयते मिळण्याची वाट पाहणाऱ्या आळशाला उद्देशून, पेअरच्या फळाला पिकून तोंडात पडण्याची विनवणी करणारी म्हण वापरतात. खाटल्यावर बसून देव हरी देईल अशी आशा धरणाराचाच तो तुर्की भाऊ होय. येथे भाषांतरकारापुढे तीन वाटा असतात. मूळ चित्र तसेच ठेवावे, तर अर्थ हरवतो. केवळ अर्थ सांगावा, तर चित्र हरवते. आपल्या भाषेतील समानार्थी म्हण द्यावी, तर दोन्ही राहिल्याचा भास होतो. परंतु तुर्की माणसाच्या जागी इंग्रज माणूस बोलू लागतो.

शिष्टाचाराची सूत्रे हा याहूनही नाजूक भाग होय. तुर्की समाजात प्रत्येक प्रसंगाला ठरलेले वाक्य आहे. आजाऱ्याला ‘गेच्मिश ओल्सुन’, म्हणजे झाले ते सरून जावो, असे म्हणतात. काम करणाऱ्याला पाहून ‘कोलाय गेल्सिन’, म्हणजे काम सोपे जावो, असे म्हणतात. स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांना आरोग्य चिंतले जाते, तर शोकाकुल माणसाला त्याचे स्वतःचे मस्तक सुखरूप राहो असे सांगून सांत्वन केले जाते. निरोप देताना मागे राहणारा जाणाऱ्याला ‘हसत हसत’ एवढेच म्हणतो. मराठी माणूस निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्यासारखाच हा संकेत आहे. यांपैकी कित्येक प्रसंगी इंग्रज माणूस काहीच बोलत नाही. जेथे लक्ष्य भाषेत मौन आहे, तेथे मूळ भाषेतील वाक्य कसे उतरवायचे, हा प्रश्न कोशापुरता नसून दोन समाजांच्या रीतीभातींचा आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर साधा शब्दकोश अभिधेवर थांबतो. वाक्प्रचार लक्षणेने आणि शिष्टाचाराची सूत्रे व्यंजनेने बोलतात. रेडहाउस यांनी कोशातच या पुढच्या पायऱ्यांना स्थान दिले. त्यांच्या १८६१ च्या इंग्रजी-तुर्की कोशाच्या लांबलचक शीर्षकात इंग्रजी शब्दांचे वाच्य, प्रासंगिक, लाक्षणिक, बोलीतील आणि पारिभाषिक असे अर्थ तुर्कीत दिले असल्याचे स्पष्टपणे नमूद आहे. नंतरच्या बृहत्कोशातही शब्दाच्या मुख्य अर्थांना क्रमांक देऊन त्याखाली त्या शब्दापासून बनणारी संयुक्त क्रियापदे आणि वाक्प्रचार नोंदवण्याची पद्धत त्यांनी ठेवली. वाक्प्रचाराचा अर्थ ते शक्यतो सरळ, अलंकारविरहित इंग्रजीत देत. इंग्रजीतील ठसकेबाज म्हण हाताशी असली, तरी तिचा मोह धरण्यापेक्षा अर्थाची नेमकी मर्यादा आखणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. तहाच्या मसुद्यांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या दुभाष्याचा हा संस्कार होता.

बृहत्कोश (१८९०)

रेडहाउस यांच्या प्रमुख कोशांमागे अमेरिकन मिशनचे आर्थिक पाठबळ होते. इस्तंबूलमधील या धर्मप्रसारक संस्थेला शाळा, मुद्रण व भाषांतर यांसाठी चांगल्या कोशाची निकड होती. मिशनसाठी आ. ह. बोयाजियान या मुद्रकाने १८९० मध्ये इस्तंबूल येथे छापलेला तुर्की-इंग्रजी बृहत्कोश २,२२४ पृष्ठांचा आहे. त्या वेळी रेडहाउस अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. शाळकरी वयात इस्तंबूलला पाऊल ठेवल्यापासून ६४ वर्षांनी त्यांचा हा ग्रंथ त्याच शहरात छापून पूर्ण झाला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले.

याहून मोठा एक संकल्प मात्र तडीस गेला नाही. अरबी, फारसी, ऑटोमन तुर्की व पूर्वेकडील तुर्की या सर्व भाषांचा इंग्रजी अर्थांसह एकत्रित महाकोश करण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालवले होते. अनेक खंड भरतील एवढे त्याचे हस्तलिखित तयार झाले. ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले, पण छापले गेले नाही.

मराठी कोशपरंपरेशी या कार्याची तुलना उद्बोधक ठरते. जे. टी. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. रेडहाउस यांचा पहिला इंग्रजी-तुर्की कोशही त्याच सुमारास बाहेर पडला. दोघेही इंग्रज, दोघेही तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने परभूमीत आलेले आणि तेथील लोकांच्या तोंडच्या म्हणी व वाक्प्रचार टिपून ठेवणारे होते. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. मोल्सवर्थ यांचा कोश सत्ताधाऱ्यांना प्रजेची भाषा कळावी म्हणून घडला. रेडहाउस यांनी उमेदीच्या काळात पगार घेतला तो बराचसा ऑटोमन सरकारकडून.

अनुवाद व इतर लेखन

कोशांखेरीज रेडहाउस यांनी विपुल अनुवाद केले. इराणचा शाह नासिरुद्दीन याने १८७३ मध्ये केलेल्या युरोपप्रवासाच्या रोजनिशीचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. तुर्कांना काव्य नाही असा समज तेव्हा युरोपात रूढ होता. त्याला उत्तर म्हणून तुर्की काव्याचा इतिहास, त्याची छंदव्यवस्था व प्रकार यांवर त्यांनी १८७८ च्या सुमारास निबंध लिहिला आणि त्यात मूळ कवितांबरोबर त्यांचे इंग्रजी भावानुवाद दिले. सूफी कवी मौलाना रूमी यांच्या ‘मस्नवी’च्या पहिल्या भागाचा त्यांचा पद्यानुवाद १८८१ मध्ये निघाला. यमकांच्या आग्रहामुळे त्यातील इंग्रजी पुष्कळ ठिकाणी ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. अर्थनिश्चितीत त्यांचा हात धरणारे थोडे होते; काव्याचा नाद परभाषेत उतरवण्याची कला मात्र त्यांना तेवढी साधली नाही. ऑटोमन काव्याचे ते काम पुढच्या पिढीतील ई. जे. डब्ल्यू. गिब यांनी अधिक समर्थपणे केले.

सुलतानाच्या खलीफापदाविषयी ब्रिटनमध्ये वाद सुरू असताना १८७७ मध्ये रेडहाउस यांनी त्या पदाचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. तुर्कांविषयीची त्यांची सहानुभूती तीत स्पष्ट दिसते.

मूल्यमापन

रेडहाउस यांच्या बृहत्कोशावर काही आक्षेप घेतले जातात. त्यात प्रत्यक्ष वापरात क्वचितच येणारे अरबी व फारसी शब्द मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या मानाने अनातोलियातील ग्रामीण बोलीला कमी जागा मिळाली आहे. शब्द कोणत्या लेखकाने, कोणत्या काळात, कोणत्या अर्थाने वापरला याचे दाखले सहसा दिलेले नाहीत; त्यामुळे जुना व नवा प्रयोग ओळखणे वाचकावर राहते. तुर्की विद्वान अहमद वेफिक पाशा (१८७६) आणि शम्सुद्दीन सामी (१९०१) यांनी रचलेल्या कोशांत तुर्की भाषेच्या स्वत्वाची जी जाण आढळते, ती रेडहाउस यांच्या कोशात त्या प्रमाणात नाही. तथापि इंग्रजी अर्थांची नेमकेपणाने केलेली विभागणी आणि वाक्प्रचारांची विपुलता या दोन बाबतींत त्यांचा ग्रंथ दीर्घकाळ अद्वितीय राहिला.

वारसा

रेडहाउस यांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी, नोव्हेंबर १९२८ मध्ये, तुर्की प्रजासत्ताकाने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारली. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषासंस्थेने अरबी-फारसी शब्द वगळून शुद्ध तुर्की शब्द रूढ करण्याची चळवळ हाती घेतली. एका पिढीच्या आत आजोबांची पत्रे नातवंडांना वाचता येईनाशी झाली आणि वाचून दाखवली, तरी पुरती समजेनाशी झाली. यामुळे रेडहाउस यांच्या कोशाला त्यांच्या हयातीत कल्पनाही नसलेले महत्त्व आले. परक्यांना तुर्की समजावी म्हणून केलेला हा ग्रंथ तुर्कांना स्वतःचा भूतकाळ वाचण्यासाठी उपयोगी पडू लागला. ज्या अरबी-फारसी शब्दांच्या भरताडाबद्दल त्याला दोष दिला गेला, तेच शब्द आज अन्यत्र सहज सापडत नाहीत. जुन्या दप्तरांचे अभ्यासक १८९० च्या कोशाची पुनर्मुद्रणे अजूनही वापरतात.

इस्तंबूलमधील मिशनच्या प्रकाशन विभागाने रेडहाउस यांच्या नावाने कोशांची परंपरा पुढे चालू ठेवली. १९५० मध्ये सुधारित इंग्रजी-तुर्की कोश निघाला. १९६८ मध्ये, १८९० च्या ग्रंथाच्या पायावर उभारलेला नवा तुर्की-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात शब्द नव्या लिपीच्या क्रमाने लावले असून जुन्या लिपीतील रूपही सोबत दिले आहे. पुढे विद्यार्थ्यांसाठी लहान आवृत्त्याही निघाल्या. तुर्की शाळकरी मुलांच्या दप्तरात लाल जिल्दीचा ‘रेडहाउस’ अनेक दशके असे. त्यांतील बहुतेकांना हे एका माणसाचे नाव आहे याची जाणीवही नसे.

निवडक ग्रंथसंपदा

• ऑटोमन भाषेचे सोपपत्तिक व्याकरण (फ्रेंच), पॅरिस, १८४६
• ऑटोमन तुर्कीतील निवडक अरबी-फारसी शब्दांचा कोश, इस्तंबूल, १८५० च्या दशकाचा आरंभ
• सैनिकांसाठी ऑटोमन बोलभाषेचे मार्गदर्शक, लंडन, १८५५
• इंग्रजी-तुर्की व तुर्की-इंग्रजी कोश, लंडन, १८५७ च्या सुमारास. चार्ल्स वेल्स यांनी वाढवलेली दुसरी आवृत्ती, १८८०
• इंग्रजी-तुर्की बृहत्कोश, १८६१
• शाह नासिरुद्दीन याची युरोपप्रवासाची रोजनिशी (अनुवाद), १८७४
• मौलाना रूमी यांची मस्नवी, भाग पहिला (पद्यानुवाद), १८८१
• ऑटोमन तुर्की भाषेचे सुलभ व्याकरण, १८८४
• तुर्की-इंग्रजी बृहत्कोश, इस्तंबूल, १८९०
• येमेनमधील रसूली राजवंशाच्या इतिहासाचा अनुवाद (मरणोत्तर), १९०६ पासून